बेशरमचं कुंपण

जुन्या शहरातल्या समता कॉलोनीतलं भाड्याचं घर सोडून आम्ही विदर्भाला लागून असलेल्या राज्याच्या नव्या राजधानीत राहायला गेलो, तेव्हा आमच्या लाइनीत अकरा घरं बांधून तयार होती आणि माणसं फक्त चार घरांत होती. माझी नोकरी मंत्रालयात. ऑफिस शहरातून उठून तिकडे गेलं, म्हणून आम्हीही गेलो. नवऱ्याचा कारखाना सिलतऱ्याला, म्हणजे नेमका उलट्या दिशेला. तो सकाळी उजाडता उजाडता निघायचा आणि रोज निघताना एकदा तरी म्हणायचा, की राजधानी तुझी आहे, माझी नाही.

बाबा आमच्याकडे आले ते त्याच वर्षी, दसऱ्यानंतर. सारं आयुष्य मालगाडीचे गार्ड म्हणून गेलेलं. आई गेल्यावर वर्ध्याला एकटेच राहत होते आणि माझ्या कुठल्याही आग्रहाला दाद देत नव्हते. शेवटी मी फोनवर सहज बोलले, की घरामागे बरीच मोकळी जागा आहे आणि तिथे गवतसुद्धा नाही. चौथ्या दिवशी ते स्टेशनवर उतरले. एका हातात बॅग, दुसऱ्या हातात गोणपाटात गुंडाळलेलं खुरपं.

जागा बघून मात्र त्यांनी खुरपं खाली ठेवलं. माती कसली, बिल्डरचा मुरूम होता. सिमेंटचे गोळे, विटांचे तुकडे, गुटख्याच्या पुड्या. बाबांनी तीन आठवडे बसून ती जमीन चाळली. समोरच्या रस्त्याच्या मधल्या पट्टीतल्या झाडांना पाणी द्यायला शेजारच्या गावातून बायका यायच्या. त्यांतली पन्नाशीची एक जण रोज मागच्या तारेच्या कुंपणाशी येऊन बघायची. एका सकाळी तिने न सांगता शेणखताचं एक घमेलं आणून फाटकाशी ठेवलं. तेव्हापासून ती बाबांना 'बाबूजी' म्हणू लागली आणि बाबा तिला 'दीदी', जरी ती त्यांच्यापेक्षा वीस वर्षांनी लहान असेल.

वाफे तयार झाले. मेथी, पालक, सांबार म्हणजे आमच्याकडची कोथिंबीर, मिरच्या, गवार आणि वर्ध्याहून आणलेल्या बियांची भरताची वांगी. डिसेंबर लागता लागता मागचं दार उघडलं, की डोळ्यांना थंडावा वाटायचा. ऑफिसात मी डब्यात स्वतःच्या घरची मेथी नेऊन भाव खाल्ला.

आणि एका सकाळी बाबांनी मला हाक मारली. आवाज असा होता, की मी कणकेच्या हातानेच धावले. पालकाचा वाफा जमिनीबरोबर कापल्यासारखा साफ झाला होता. गवारीचे शेंडे गायब. वांग्याची दोन झाडं नुसत्या काड्या होऊन उभी होती.

"गाय घुसली असेल," मी म्हटलं.

"गाय नोहे. गाय तुडवते, हे निवडून खाल्लं आहे." बाबा उकिडवे बसून मातीत बघत होते. "हे खुरं पाय. एवढाले बारके. बकरी म्हणावं तर इथं कोणाची बकरी आहे?"

दुसऱ्या दिवशी ते फटफटायच्या आधीच स्वयंपाकघराच्या खिडकीशी खुर्ची टाकून बसले. उजेड फुटता फुटता मागच्या डबरीकडून, म्हणजे लहानशा तळ्याकडून, बाभळींच्या मधून, सात चितळं एका ओळीत चालत आली. कमरेएवढ्या तारेच्या कुंपणाशी क्षणभर थांबली आणि एकेक करून अशी अलगद आत आली, जशी एखादी पायरी चढावी. आमची सातवीतली मुलगी उठून बाबांच्या मागे उभी राहिली होती. मराठी तिला सगळं कळतं, पण उत्तर हिंदीतच.

"आबा, कितने सुंदर हैं ना," ती कुजबुजली.

"सुंदर आहेत. माहा सांबार खाऊन राहिले," बाबा म्हणाले आणि दार उघडून बाहेर पडले.

बाबांनी पहिला उपाय स्वतःच्या खात्यातलाच केला. बॅगेत गार्डची शिट्टी होती. ती त्यांनी जीव तोडून फुंकली. चितळं पळाली. शेजारचे अकाउंटंट साहेब बनियनवर बाहेर आले आणि आग कुठे लागली ते विचारू लागले. दोन दिवस शिट्टीचा उपयोग झाला. तिसऱ्या दिवशी चितळांनी मान वर केली, शिट्टी पूर्ण ऐकून घेतली आणि पुन्हा मेथीत तोंड घातलं. मग बाबांनी लाल झेंडी काढली. मी खिडकीतून बघत होते. शाल पांघरलेला सत्तरीचा माणूस वाफ्याच्या बांधावर उभा राहून झेंडी हलवतो आहे, आणि एक मोठा नर, डोक्यावर शिंगांचा पसारा घेऊन, चघळत चघळत त्यांच्याकडे बघतो आहे. नवऱ्याची निघायची वेळ झाली होती. तो गाडीच्या किल्ल्या हातात घेऊन म्हणाला, "बाबा, मालगाडी असती तर थांबली असती."

त्यानंतर सल्ल्यांचा महिना सुरू झाला. ऑफिसात ज्याला त्याला उपाय माहीत होते. एकाने सांगितलं, न्हाव्याकडचे केस टाका, माणसाचा वास येतो. बाबा बसने जुन्या शहरात जाऊन पिशवीभर केस घेऊन आले. पहिल्याच वाऱ्यात ते सगळे दोरीवरच्या कपड्यांवर येऊन बसले. दुसरीने सांगितलं, अंडं आणि आंबट ताक कालवून, चार दिवस कुजवून फवारा. ते फवारल्यावर चितळं आली की नाही हे सांगता येणार नाही, कारण आमच्यापैकी कोणालाच मागचं दार उघडवेना.

अखेर दीदीने, म्हणजे त्या पाणीवाल्या बाईंनी, साड्या बांधायला सांगितलं. शेताभोवती जुन्या साड्या बांधल्या, की पलीकडचं दिसत नाही आणि जे दिसत नाही तिथे चितळ उडी घेत नाही. हे मला पटलं. मी कपाट उपसलं. तेवढ्याने चारी बाजू होईनात, म्हणून बाबा सदर बाजारातल्या एका कापडाच्या दुकानात डागी थान मागायला गेले. दुकानदाराने रंग कोणता हवा विचारलं, कोणासाठी हवं तेही विचारलं. बाबांनी खरं ते सांगितलं, "हिरन के लिए." त्याने थोडा विचार केला आणि हिरवा दिला.

साड्यांचं कुंपण दिसायला मोठं छान झालं. घरात बारसं असल्यासारखं वाटायचं. नेमकी त्याच रविवारी समता कॉलोनीतली माझी मावशी जेवायला आली. मी तिला पुढच्या दारानेच आत घेतलं, पुढच्याच खोलीत बसवलं, पण जेवण झाल्यावर ती हात धुवायला मागे गेली आणि बराच वेळ आलीच नाही. मी गेले तर ती एका जांभळ्या साडीचा काठ बोटात धरून उभी होती.

"हे मी तुले डोहाळजेवणाले दिली होती ना?"

मी म्हटलं, "मावशी, जपून ठेवली होती गं. खूप जपून."

"ते दिसूनच राहिलं. घडीबी मोडली नव्हती वाटते." मग तिने काठ सोडला आणि पलीकडे वाकून वाफा बघितला. "मेथी मात्र चांगली आली आहे. मले दोन जुड्या दे, मग माफ करतो." मी चार दिल्या.

साड्यांनी पंधरा दिवस निभावलं. मग डबरीकडच्या बाजूने वाऱ्याने एक थान फाटलं आणि एका पहाटेत मेथी गेली. बाबा इरेला पेटले. मला न विचारता बाजारातून नायलॉनची जाळी आणली आणि त्या बाजूने जमिनीपासून डोक्यापर्यंत ताणून बांधली. दीदीने जाळी बघून नको म्हणून मान हलवली होती. बाबांनी तिकडे लक्ष दिलं नाही.

तिसऱ्या दिवशी सकाळी मी चहा ठेवत होते, तेव्हा मागून एक बारीक, चिरका आवाज आला. जाळीत चितळाचं पिल्लू अडकलं होतं. मान आणि पुढचा एक पाय. जितकं झटे तितकं जास्त गुंते. पन्नास पावलांवर बाभळीखाली त्याची आई उभी होती, पाय आपटत होती, पण पुढे येत नव्हती. बाबा हातात कात्री घेऊन पुढे गेले, की पिल्लू इतकं धडपडायचं की गळ्याशी दोरा आणखी आवळायचा. बाबा कात्री मागे घ्यायचे, पुन्हा पुढे करायचे. त्यांना असं मी आईच्या आजारपणानंतर पहिल्यांदाच बघत होते.

मुलगी धावत रस्त्यावर गेली आणि दीदीला घेऊन आली. पाइप फाटकाशी टाकून दीदी आत आली आणि तिने पदर सोडून पिल्लाच्या डोळ्यांवर टाकला. दोन्ही हातांनी त्याचं डोकं मांडीशी धरलं. पिल्लू एकदम शांत झालं. नुसतं पोट वरखाली होत होतं.

"काटव, बाबूजी," ती हळूच म्हणाली. "धीरे धीरे."

बाबांनी एकेक दोरा कापला. मी पाय धरून होते. इतका बारीक पाय, आणि त्यात केवढी धडधड. शेवटचा दोरा तुटल्यावर तिने पदर काढला. पिल्लू क्षणभर तसंच बसून राहिलं, मग उठलं आणि बाभळींकडे धावत सुटलं. थोडं लंगडत होतं. आई त्याला हुंगून वळली आणि दोघं झाडीत गेली. मी वन खात्याच्या माणसांना फोन केला. ते दुपारी येऊन डबरीपर्यंत फिरून आले. पिल्लू कळपात आहे, चालतंय, म्हणाले, आणि जाळी काढायला सांगितली. ती बाबांनी आधीच काढून गुंडाळून ठेवली होती.

त्या सकाळी दीदी पहिल्यांदा आमच्या मागच्या पायरीवर बसून चहा प्याली. बाबांनी तिला विचारलं, की चितळांचं तुला इतकं कसं ठाऊक. तिने बोटाने आमच्या वाफ्यांपासून शेजारच्या साहेबांच्या गॅरेजपर्यंत एक रेघ ओढली. "इही मेर हमर खेत रिहिस." इथेच तिचं शेत होतं. धान निघालं, की त्यात लाखोळी, म्हणजे लाखेची डाळ, पेरायचे आणि चितळं तेव्हाही यायची. मग राजधानी आली, जमीन गेली, आता ती याच जागेवर रस्त्याच्या झाडांना पाणी घालते. हे तिने तक्रार म्हणून सांगितलं नाही. बाबांनी विचारलं, मग चितळं अजून काहून येतात? ती हसली.

"खेत तो गिस, बाबूजी. फेर हिरना मन ला कोन बताही?"

शेत तर गेलं, पण हरणांना कोण सांगणार. बाबांनी तिच्या कपात आणखी चहा ओतला.

उपाय तिनेच सांगितला. पूर्वी तिच्या घरचे शेताला जे करत होते, तेच. दुसऱ्या दिवशी ती आणि बाबा डबरीच्या काठावरून बेशरमच्या फांद्या तोडून घेऊन आले. हे झुडूप आमच्या विदर्भातही नाल्याकाठी माजतं, कुठेही खोचा, लागतं, म्हणून तर हे नाव. त्याच्या चिकामुळे कुठलंच जनावर तोंड लावत नाही. दोघांनी तारेच्या आत फांद्यांची दाट दुहेरी ओळ खोचली, आणि ती वाढेपर्यंत मधे उरलेल्या साड्या ठेवल्या. पण दीदीची दुसरी अट होती. कुंपणाच्या बाहेर, डबरीच्या बाजूला, लाखोळीचा एक पट्टा पेरायचा. तो त्यांचा.

"म्हणजे आपण त्याइले बोलावून खाऊ घालायचं?" बाबा म्हणाले.

"हव," ती म्हणाली.

बाबांनी पेरला. डबरीच्या ओलीवर तो चांगला उगवला.

अडचण आली ती माणसांची. अकाउंटंट साहेब कॉलनीच्या समितीचे सचिव होते. त्यांनी येऊन सांगितलं, की राजधानीच्या सेक्टरमध्ये बेशरम लावणं शोभत नाही, मेंदी लावा. बाबांनी त्यांना बसवलं आणि ताज्या मेथीचे गरम पराठे खाऊ घातले. तिसरा पराठा संपल्यावर साहेबांनी विचारलं, की फुलं कोणत्या रंगाची येतात. बाबा म्हणाले, "जांभळट. इंग्रजी नाव पण आहे म्हणते कोणी, मले नाही येत." साहेबांनी कागदावर 'फुलझाडांचे कुंपण' असं लिहून घेतलं आणि विषय मिटला.

मार्च संपता संपता बेशरम छातीपर्यंत आलं. चितळं येत राहिली, पण लाखोळीतच रमायची. कधी एखादं कुंपणाशी येऊन हुंगायचं आणि मान फिरवायचं. बाबा खिडकीशी बसून त्यांची हजेरी घ्यायचे. एखाद्या दिवशी दोन कमी भरली, तर माझा डबा भरून होईपर्यंत मला त्याबद्दल ऐकावं लागे.

वांगी उशिरा आली, पण आली. एका रविवारी आम्ही मागच्या अंगणात तुऱ्हाट्यांवर, म्हणजे तुरीच्या वाळक्या काड्यांवर, भरीत भाजलं. दीदी तिच्या घरून तांदळाच्या पिठाचा चिला घेऊन आली. भरीत चाखून म्हणाली, मिरची कमी आहे. बाबांना हे फार लागलं. आयुष्यात त्यांच्या हातच्या भरताला कोणी असं म्हटलं नव्हतं. ते उठले, वाफ्यातून मूठभर हिरव्या मिरच्या तोडून आणल्या आणि तिच्यासमोर ठेवून पुन्हा जेवायला बसले.