उंबराच्या मुळातली पिल्लं

मंगळवार पेठेतल्या बायका खेकडे घेतात ते धोंडुबाईकडूनच. ती खेकडा मागून असा धरते, की नांग्या नुसत्या हवेत हलत राहतात. बादलीत टाकण्याआधी प्रत्येक मादी तिनं गावच्या ओढ्यावरच उलटी करून पाहिलेली असते. पोटाखालची झाकणी उचलायची. आत पिल्लं चिकटलेली दिसली की परत पाण्यात. सासूनं घालून दिलेली ही रीत तिनं चाळीस वर्षांत मोडलेली नाही.

गेल्या उन्हाळ्यात त्या ओढ्यावर जेसीबी आला. सोबत पंचायतीचा मेंबर आकाराम, तिच्या थोरल्या भावाचा मुलगा. अलीकडचा काठ आधीच सिमेंटचा झाला होता आणि तिथं ट्रॅक्टर धुतले जात. आता पलीकडची उंबराची मुळं उपटून तिथंही पायऱ्या करायच्या होत्या. धोंडुबाईचं पोट चालायचं ते त्याच मुळांवर.

"आत्ती, बाजूला हो. ओढा स्वच्छ करतोय की."

"कर. आधी हिकडनं एक खेकडा काढून दे." तिनं सिमेंटकडं बोट केलं.

ड्रायव्हर हसला, तसा आकाराम बाह्या सरसावून वाकला. हाती लागला साबणाचा फेस आणि काळा चिखल.

"आता पलीकडं घाल."

मुळांतल्या बिळात त्यानं कोपरापर्यंत हात घातला आणि बोंबलतच बाहेर काढला. बोटाला मादी लोंबत होती. धोंडुबाईनं ती शांतपणे सोडवली, उलटी केली आणि झाकणी उचलली. आत ज्वारीच्या दाण्याएवढी पिल्लं वळवळत होती.

"आईला सोडली की ही लांब जात न्हाईत. ह्याच मुळांत लपून वाढत्यात. मुळं काढलीस तर बगळं चार दिसांत फस्त करतील. आन साबणाच्या पाण्यात तर आई बी टिकत न्हाय."

"मग पायऱ्या कुठं बांधू?"

"पुलाजवळ बांध. तिथं नुसता खडक हाय. आन ट्रॅक्टर हापशावर धुवा म्हणावं."

आकाराम बोट चोखत म्हणाला, "तूच मेंबर व्हायला पायजे हुतीस."

"मग खेकडं कोण धरणार? तुझा हात तर एकातच सुजला."

जेसीबी पुलाकडं वळला. ट्रॅक्टरवाल्यांपैकी दोघं अजून ऐकत नाहीत, पण बाकीचे हापशावर जातात. यंदा दिवाळीनंतर सिमेंटच्या कडेच्या दगडाखाली तिला रुपयाएवढी तीन पिल्लं दिसली. तिनं दगड हलकेच होता तसा ठेवला. आकारामला तिनं अजून काही सांगितलेलं नाही. तो लगेच पाव्हण्यांना घेऊन दाखवायला येईल.