डालग्याखालची दिवाळी

झाडांना फसवणारा माणूस मी आयुष्यात एकच पाहिला, आणि तो म्हणजे माझ्या मावशीचे यजमान. राजगडाखाली पालीजवळ त्यांचं रान होतं, तेव्हा सरकार देत असे तो गांजा पिकवायचा रीतसर परवाना होता आणि स्वतःला सुपारीचंसुद्धा व्यसन नव्हतं. गांजाच्या रानात एक नर झाड फुललं तरी सगळ्या पिकात बी धरतं, आणि तसल्या मालापायी परवानाही जातो. इतर लोक झाडाला कळ्या येईपर्यंत थांबत. काकांना तेवढा धीर कुठला! ते प्रत्येक झाडाचा एक शेंडा खुडून फुटक्या मडक्यात लावत, दुपार कलली की त्यावर कोंबड्या झाकायचं डालगं आणि वर घोंगडी घालत आणि दुसऱ्या दिवशी उन्हं चांगली वर आल्यावरच काढत. "रात मोठी झाली की त्याला वाटतंया दिवाळी आली. लगीच फुलतंय बगा, मास्तर," ते मला सांगत. मी भोरला शाळामास्तर होतो, त्यामुळे मला सगळं समजतं असा त्यांचा समज होता. कोंबड्या माजघरात हिंडत आणि मावशीच्या तोंडाचा पट्टा चालू राही.

कुठला शेंडा कुठल्या झाडाचा, हे ध्यानात राहावं म्हणून झाडांना त्यांनी नातेवाइकांची नावं दिली होती. पंधरवड्यानं कळ्या दिसल्या की अंगणातून आरोळी येई, "वरव्याची मामी नर निघाली!" आणि मामीचं झाड त्याच दिवशी बांधावर पडे. एकदा खुद्द मामी ओसरीवर चहा पीत बसली होती. ती पुढं दोन वर्षं आली नाही.

मग एका वर्षी मावशीच्या नावाचा शेंडा नर निघाला. त्या वेळी मावशी तापानं अंथरुणाला खिळलेली. काका झाडापाशी गेले, बुंध्याला हात घातला आणि तसेच परत आले.

"काका, परवाना जाईल," मी म्हणालो.

"जाऊ दे. ती उठंस्तवर म्या त्ये उपटायचा न्हाई."

पुढं त्या झाडाला कळ्या धरू लागल्यावर रोज सकाळी ते त्या तेवढ्या खुडत. पण मावशीचं दुखणं वाढलं, तिला बैलगाडीतून भोरच्या दवाखान्यात न्यावं लागलं आणि आठ दिवस काका तिच्या उशाशीच बसून राहिले. आम्ही तिला घेऊन परतलो तेव्हा ते झाड फुलून झडलंही होतं.

माल बियांचा निघाला. परवाना गेला तो पुन्हा मिळाला नाही. बरी झालेल्या मावशीनं कपाळावर हात मारला. "एका झाडापायी सवताच्या पोटावर पाय आणलासा! उपटायचं की वो!"

 पुढं त्या रानात काकांनी नाचणी केली आणि कशालाच नावं ठेवली नाहीत. मावशी पुष्कळ वर्षं जगली आणि तेवढी वर्षं त्या झाडावरून त्यांना बोलत राहिली. ती चुलीपाशी बोलत असे आणि काका सगळी कामं टाकून उंबऱ्यावर ऐकत बसत. इतकं सुखानं बोलणी खाणारा माणूस मला पुन्हा भेटला नाही.