रेडिएटरमधली हळद

उम्म अल कुवैनचं घर सोडायचं ठरलं तेव्हा मला सामानाचं काही वाटलं नाही. भांडी वाटली, पलंग देऊन टाकले. प्रश्न उरला तो पत्र्याच्या शेडखाली उभ्या असलेल्या लाल गाडीचा. हे गेल्यापासून ती तिथेच उभी होती.

मुलगी अबुधाबीला नोकरी करते. मी आता तिच्याकडे राहायला जाणार होते. तिच्या इमारतीत एकच गाडी लावायला मिळते. ती जागा तिने बापाच्या गाडीसाठी धरली आणि स्वतःची चांगली गाडी विकून आली. मी म्हटलं, तुझं डोकं फिरलंय. कारण लाल गाडीला हायवे झेपायचाच नाही. गावाबाहेर पडली की तापायची.

"नवा रेडिएटर टाकते, अम्मी. फुल ॲल्युमिनियमचा. मग बघ."

"आणि तरी तापली तर?"

"तर खलास. भंगारवाल्याला सांगून ठेवलंय. नुसती उभी करून ठेवायला मी ती नेणार नाही. आपल्या चाकांवर अबुधाबीपर्यंत आली तर राहील, नाहीतर जाईल."

हे सांगताना ती माझ्याकडे बघत नव्हती, गाडीकडे बघत होती. बापाची पोर आहे, शब्दाला पक्की. गाडी थांबली असती तर तिने ती खरंच भंगारात दिली असती आणि आयुष्यभर त्याबद्दल एक शब्द काढला नसता.

मला स्वतःला ती गाडी कधी आवडली नाही. आमचे हे काँक्रीटची गाडी चालवायचे, पाठीवर गोल फिरणारं पिंप असतं ती. त्याआधी रत्नागिरीकडे ट्रकवर होते. कंपनीतला एक गोरा इंजिनिअर देश सोडून गेला, त्याची ही गाडी साइटवर वाळू खात पडली होती. ती हे घेऊन आले. दोन दारं, दोन सीटा, बसायचं म्हणजे जवळजवळ झोपायचं. बटण दाबलं की दिवे बेडकाच्या डोळ्यांसारखे वर यायचे. घरात माणसं तीन आणि गाडी दोघांची.

"पोरीला काय टपावर बांधणार?" मी विचारलं.

"तुझी मांडी कशाला आहे?" म्हणाले.

तेव्हा सुट्टी शुक्रवारची असायची. जुम्म्याची नमाज झाली, जेवण झालं की हे अंगणात जाऊन हॉर्न वाजवायचे. मी बुरखा घालून बाहेर यायचे, पोरीला मांडीवर घ्यायचे. मग समुद्राच्या बाजूने निघायचं. लांब कुठे नाहीच, पण निघायचं. माझ्या पायाशी पाण्याच्या दोन बाटल्या असायच्या. ते पाणी गाडीचं. पोर तहानेने कुरकुरली तरी हे देत नसत. "ते गाडीचं आहे. आपलं घरी गेल्यावर."

परतताना गरमीचा काटा वर सरकायला लागला की हे हिटर लावायचे. ट्रकवाल्यांची ही जुनी रीत. इंजिनची गरमी आत ओढून घेतली की इंजिन वाचतं. जूनचा महिना, काळा बुरखा, मांडीवर पोर आणि तोंडावर तो गरम वारा.

"पीठ आणते उद्या," मी म्हणायचे. "माझ्या डोक्यावर भाकरी भाजून घ्या."

"गाडी वाचली पाहिजे. तुझं काय, घरी जाऊन आंघोळ करशील."

पोर खिदळायची. तिला ते भांडण फार आवडायचं. मी गप्प बसले तर "अम्मी, से समथिंग," म्हणून मला ढोसायची.

मग रेडिएटर गळायला लागला. एका सकाळी हे स्वयंपाकघरात आले. "दोन चमचे हळद दे."

"घसा दुखतोय?"

"मला नको. गाडीला पाहिजे."

ट्रकचा रेडिएटर गळला की त्यात हळद टाकायची, ती पाण्यात फुगून भोक बुजवते, हे ते घाटात शिकले होते. घरात होती ती गावची हळद. माझी आई कुटून द्यायची, आम्ही ती सामानातून इथे आणायचो. मी दिली. गळती थांबली. हे आठवडाभर छाती काढून फिरले. पुन्हा गळली, पुन्हा दोन चमचे. पुढेपुढे विचारणंही बंद झालं, डबाच घेऊन जायचे. एकदा मी पांढरी आमटी वाढली. काही न बोलता जेवले, वर म्हणाले, "चांगली झालीय."

काही वर्षांनी हिटरमधून गरम वारा यायचा बंद झाला. मी अल्ला का शुक्र म्हटलं. उन्हाळ्यात हिटर बिघडला म्हणून कोण रडेल? पण तेव्हापासून गाडी जास्तच तापायला लागली आणि आमचं फिरणं गावातल्या गावात उरलं.

असो. नवा रेडिएटर आला. मी तो हातात घेऊन पाहिला. नव्या परातीसारखा चकचकीत आणि दिसायला जाड असून हलका. मुलीने गाडी इंडस्ट्रियल एरियातल्या गॅरेजात नेली. तिथला पठाण उस्ताद यांच्या ओळखीचा, संध्याकाळच्या चहाचा सोबती. मी घरी बसून काय करणार होते, मीही गेले. त्याने मला पंख्यासमोर खुर्ची दिली.

जुना रेडिएटर खाली घेतला. त्याच्या दोन बाजूंना प्लास्टिकच्या टाक्या होत्या, त्या भाजल्या वांग्यासारख्या काळ्या पडून तडकल्या होत्या. उस्तादने तो बादलीवर उलटा केला. आधी तांबडं पाणी आलं, मग पिवळा गाळ, गोळ्यागोळ्याने. त्याने बोट लावून वास घेतला.

"खाला, इसमें सालन पकाया क्या?"

मुलगी माझ्याकडे बघायला लागली. मी म्हटलं, "हल्दी है. तुम्हारे दोस्त ने डाली."

"कितनी?"

"जितनी घर में थी."

तो पोट धरून हसला. मग हसू थांबवून त्याने सांगितलं की हळद भोक बुजवते, पण बारीक नळ्याही बुजवते. पाणी फिरायलाच जागा उरली नाही. आत, डॅशबोर्डच्या मागे, हिटरचा एक छोटा रेडिएटर असतो, तोही भरला असणार. म्हणजे हे इतकी वर्षं गाडी वाचवत होते आणि तीच हळद तिला तापवत होती. मुलीला हसू आलं, मग तिने तोंड फिरवून पाने हातात घेतले.

नवा रेडिएटर जुन्यापेक्षा जाड. जागेवर बसवला तर पंखा त्याला घासायला लागला. उस्तादने पंखा धरणाऱ्या पट्ट्या वाकवून तो मागे घेतला, रेडिएटरखाली टायरच्या रबराचे तुकडे दिले. हिटरचे पाइप सोडवून मुलीने पाण्याची नळी लावली, एकदा या बाजूने, एकदा त्या बाजूने. हळद निघत राहिली. गॅरेजच्या दारातून पिवळा ओहोळ रस्त्यावर गेला. निवळ पाणी यायला दुपार झाली. मग आत हिरवं कूलंट भरलं आणि इंजिन सुरू केलं.

काटा मधे आला. मधे थांबला नाही. वर गेला.

"बंद करो," उस्ताद ओरडला. मुलीने चावी फिरवली. हात पुसत ती माझ्याजवळ येऊन उभी राहिली. तेलाने तोंड काळं झालं होतं. म्हणाली, "झालं, अम्मी. उद्या फोन करते त्याला." भंगारवाल्याला.

उस्ताद म्हणाला, घाई नको. एक तर आत हवा अडकली असेल, नाहीतर हिटरमध्ये अजून हळद असेल. हवा असेल तर निघेल, हिटर पुन्हा गरम वारा देईल. हळद असेल तर सगळा डॅशबोर्ड फोडावा लागेल, तो खर्च या गाडीवर कोण करणार. गाडी निवल्यावर त्याने पुढची चाकं लाकडी फळ्यांवर चढवली, म्हणजे नाक वर आणि हवा तोंडातून बाहेर. रेडिएटरचं झाकण उघडं ठेवलं. तो आणि मुलगी पुढे वाकून पाइप दाबणार, मग काट्यावर लक्ष कोण ठेवणार?

"मी बसते," म्हटलं.

"खाला, हिटर फुल रखना पड़ेगा. शीशा बंद."

"मालूम है. बैठी हूँ पहले."

कंबर मोडून आत बसले. या वेळी ड्रायव्हरच्या जागेवर. इंजिन सुरू झालं. हिटरचा पंखा मोठ्याने घुमत होता, पण वारा नुसता कोमट, धुळीचा. काटा मधे आला. "मधे आहे," मी ओरडले. पुढे उघडलेल्या बॉनेटमुळे मला त्या दोघांचं काही दिसत नव्हतं. काटा केसभर वर गेला. मी तेही सांगितलं. मुलगी पाइप दाबत असणार. पुढून गटगट असा आवाज आला, तांब्या पाण्यात बुडवल्यासारखा.

आणि माझ्या तोंडावर गरम वारा आला. एकदम, भट्टीचं दार उघडल्यासारखा. त्याला थोडा हळदीचाही वास होता.

"आला!" मी ओरडले. "गरम येतोय! काटा खाली!"

मुलगी धावत येऊन खिडकीशी उभी राहिली. काच बंद होती, तरी तिने आत हात घालायला पाहिलं. मी काच खाली केली. तिने हिटरच्या जाळीसमोर हात धरला आणि काढलाच नाही.

"से समथिंग, अम्मी," म्हणाली.

"भाकरी भाजून घे," म्हटलं. "आणि आता बंद कर, मी मेले."

दुसऱ्या दिवशी सकाळी निघालो. निघताना मी सवयीने पायाशी पाण्याच्या दोन बाटल्या ठेवल्या. मुलगी म्हणाली, नको, आता लागत नाहीत. मी ठेवल्याच. शारजा गेलं, दुबई गेली, ऊन चढलं. मी एका डोळ्याने काटा बघत होते. तो मधे बसला होता तो बसलाच.

अबुधाबीच्या पाट्या दिसायला लागल्या तेव्हा मला तहान लागली. वाकून एक बाटली उचलली, झाकण उघडलं आणि प्यायले.