पापडीवरची वीण

शेजारच्या गच्चीवर गव्हाच्या पापड्यांचा आंबूस वास सुटला, की कराडला माझ्या दस्तलेखनाच्या मेजासमोर बसलेले पलूसचे ते बापलेक मला आठवतात. परदेशी संशोधनासाठी लेकीला वडिलांचे संमतिपत्र हवे होते आणि ते निवृत्त फौजी गृहस्थ एकच म्हणत होते, "तिकडं गेलीस की आमाला इसरशील." न समजलेला मजकूर मी कागदावर उतरवीत नाही, म्हणून मी संशोधनाचा विषय विचारला. लेक म्हणाली, "काका, गव्हाचा चीक लुगड्यावर पातळ पसरला की पापडी कापडाची वीण उचलती, जाड थापला तर न्हाई. तसाच काही ऑक्साइडांचा अतिपातळ थर खालच्या स्फटिकाच्या मापानं ताणला जातो. मग आतले अणू जरा सरकतात. एका अंगाला धन भार, दुसऱ्या अंगाला ऋण. वीज लावून बाजू पालटता येती." "आन् वीज काढल्यावर?" वडिलांनी हळूच विचारले. "तशीच ऱ्हाती, आबा." "म्हंजी इसरत न्हाई तर," ते पुटपुटले आणि मला म्हणाले, "लिवा सायेब, बापाची हरकत न्हाई." माझ्या साऱ्या लेखनात तेवढे वाक्य मी त्यांच्याच शब्दांत ठेवले. आजही शेजारून पापडी आली, की खाण्याआधी मी ती उजेडाला धरतो. लुगड्याची वीण तिच्यावर स्पष्ट दिसते.