आयरीनच्या शेकोटीला तक्ता

आयरीन क्रॅबट्रीला कुणाचं ऐकायची सवय नव्हती. गिरणीत आम्ही दोघी शेजारी-शेजारी बसून कापडातल्या गाठी काढायचो, तेव्हाही मुकादमाने एक सांगितलं की ही दुसरं करायची, आणि वर त्यालाच विचारायची, "आता बरं दिसतंय की नाही?" दिसायचंही बरं, त्यामुळे त्याची बोलती बंद. लग्न करून ती आमच्या गल्लीत आली. नवरा हॅरॉल्ड अगदी मऊ माणूस. तो गेला, मुलगा रॉडनी नोकरीसाठी दक्षिणेला रेडिंगला गेला, आणि त्या दगडी घरात ती एकटी उरली. मी समोरच्याच घरात राहते, त्यामुळे तिचा पडदा कधी उघडतो आणि कधी बंद होतो हे मला माझ्या नवऱ्याच्या तब्येतीपेक्षा जास्त ठाऊक.

तिच्या पुढच्या खोलीत भिंतीतली मोठी शेकोटी होती. पूर्वी तिच्यावर स्वयंपाकही व्हायचा. पुढे गावात कोळशाच्या धुराला बंदी आली, लोखंडी चूल भंगारात गेली, खिडकीखाली खोली तापवायला गरम पाण्यावर चालणारा हीटर बसला. भगदाड मात्र तसंच राहिलं. आत बसलं की धुराड्यातून वारा घूं घूं करत खाली यायचा आणि थेट पायांवर. हीटरची सगळी ऊब त्याच वाटेने वर आभाळात जायची. गल्लीतल्या बाकी सगळ्यांनी आपापली भगदाडं कधीच बंद केली होती. उघडी राहिली फक्त दोन, आयरीनची आणि तिच्या भिंतीपलीकडच्या फिलिस मिजलीची.

आता याचं कारण सांगते. आमच्या गल्लीत शेजारच्या दोन घरांच्या शेकोट्या एकमेकींना पाठ लावून बांधल्यात. घराची भिंत दीड हात जाड, तिच्यातून बॉम्ब पडल्याचंही कळणार नाही. पण शेकोटीच्या मागे तेवढी एकच वीट. तिच्यावर लोखंडी सळईने ठोकलं की पलीकडे स्वच्छ ऐकू येतं. आमच्या आया असंच करायच्या. कळा सुरू झाल्या, ठोका. धुराडं पेटलं, ठोका. चहा टाकलाय, ये, तरी ठोका. घरोघर फोन आले आणि हे सगळं बंद पडलं. फक्त या दोघी रोज सकाळी उठल्यावर ठोकायच्या. आयरीन तीनदा, मग पलीकडून फिलिस तीनदा. म्हणजे दोघीही जिवंत.

आणि गंमत म्हणजे दोघींचं बोलणं नव्हतं. बारा-तेरा वर्षं झाली असतील. चॅपलच्या, म्हणजे आमच्या छोट्या चर्चच्या, चहापार्टीत फिलिस सगळ्यांसमोर म्हणाली होती की आयरीनने आणलेला आल्याचा केक घरचा नाही, दुकानातला आहे. बस. एवढ्यावरून. रस्त्यात समोरासमोर आल्या तर एक आभाळाकडे बघायची, दुसरी नालीकडे. मी एकदा आयरीनला विचारलं, "बोलत नाहीस, मग रोज सकाळी ठोकतेस कशाला?"

"मी कुठे ठोकते? सळईला चिकटलेली राख झटकते."

त्या शेकोटीत वीस वर्षं राख नव्हती. असल्या बाईशी वाद घालायला मला वेळ नव्हता.

तक्ता बसला त्याच्या आदल्या हिवाळ्यात आयरीनच्या छातीत कफ भरला आणि ती तीन आठवडे हॉस्पिटलात पडली. रॉडनी धावत आला. खोलीत तापमापक लावलं तर बारा अंश, तेही हीटर चालू असताना. तेव्हापासून त्याने धोशा लावला की आई, आमच्याकडे चल, खालची खोली तुझी. ऑक्टोबरात तो पुन्हा आला, माझ्यासमोरच तिच्याशी बोलला.

"आई, मी भांडायला आलेलो नाही. नाताळला येईन. तोवर ही खोली गरम झाली नाही, तर तुला गाडीत घालून घेऊन जाईन. डॉक्टर म्हणालाय, आणखी एक असा हिवाळा तुला झेपायचा नाही."

"रेडिंगला मला ओळखतं कोण?" आयरीन म्हणाली. "पाव आणायला गेले तर दुकानदार दोनदा विचारतो, काय म्हणालात? माझी भाषा कळत नाही त्यांना. तुझ्या बायकोलाही कळत नाही, ती नुसती हसते. मी तिथे मरेन, रॉडनी."

"आणि इथे राहिलीस तर?"

"इथेही मरेन. पण माझ्या घरात."

रॉडनीने माझ्याकडे बघितलं. "नोरामावशी, तूच काहीतरी कर गं."

माझ्याकडे येण्याचं कारण, गल्लीत करवत माझ्याच हातात असते. माझ्या नवऱ्याला खिळा ठोकायला दिला तर तो अंगठा ठोकतो. म्हटलं, ठीक आहे.

आधी मी सोपा उपाय केला. जुन्या उशीच्या खोळीत लोकर कोंबली आणि हात वर घालून धुराड्याच्या गळ्यात ती घट्ट बसवली. आयरीन खुर्चीत बसून बघत होती. "छान," म्हणाली, "आणि मागची वीट मोकळी राहिली." असं स्वतःशीच. दोन दिवस झोत थांबला. तिसऱ्या दिवशी डोंगरावरून वादळ आलं. गळा भलताच रुंद, त्यात कावळ्यांनी घरट्यांसाठी वर्षानुवर्षं टाकलेल्या काटक्या. उशी धाडकन खाली आली आणि तिच्यामागून घमेलंभर काजळी. आयरीनचा गालिचा, तिचा चहा, तिचे पाय, सगळं काळं. मी गेले तेव्हा ती तशीच खुर्चीत बसली होती, भुवयांपर्यंत काळी.

"हसलीस तर बघ, नोरा."

मी हसले. नंतर तासभर गालिचा घासला, ते वेगळं.

मग मी सांगून टाकलं की आता अख्ख्या तोंडालाच तक्ता. जाड प्लायवुड, कडेने लोकरीची पट्टी, खाली तळहाताएवढी जाळी. जाळी हवीच, नाहीतर धुराड्याला आतून घाम येतो आणि भिंतीवर ओल उतरते. पण मागच्या विटेपर्यंत हात जाणार नाही. आयरीनने एकेक सबब काढायला सुरुवात केली. तक्ता वाईट दिसेल. भिंतीचा रंग जाईल. हॅरॉल्डला शेकोटी बंद केलेली आवडायची नाही. म्हटलं, "हॅरॉल्डला तू आवडायचीस, बाकी कशाबद्दल त्याने कधी तोंड उघडलं?" मग म्हणाली, पाहुण्यांना काय वाटेल. तिच्याकडे पाहुणा म्हणून मी एकटी जात होते.

शेवटी माझा संयम संपला. "फिलिससाठी नको म्हणतेस ना?"

ती इतकी भडकली की तिला खोकल्याची उबळ आली. खोकला थांबेना. मी पाणी दिलं, पाठ चोळली. तिच्या पाठीची हाडं हाताला लागत होती. मग तिने त्या भगदाडाकडे बघितलं.

"मला रेडिंगला जायचं नाही," ती म्हणाली. आवाज अगदी बारीक. तिला असं बोलताना मी आयुष्यात ऐकलं नव्हतं. "लाव तक्ता."

"फिलिसला मी सांगते, उद्यापासून ठोका येणार नाही म्हणून."

"काही गरज नाही. आमचं बोलणं नाही. तू सांगितलंस तर तुझ्याशीही बोलणं बंद."

मी म्हटलं, मरा दोघी. संध्याकाळपर्यंत तक्ता बसवला, कडा बुजवल्या, आणि घरी येऊन नवऱ्यावर ओरडले, त्याचा काही दोष नसताना.

दुसऱ्या दिवशी सकाळी रस्त्यावर दहिवर पांढरं पडलं होतं. मी दुधाच्या बाटल्या घ्यायला दार उघडते तर समोर फिलिस. रात्रीचा झगा, त्यावर कोट, पायात सपाता. एरवी टोपीशिवाय कचरा टाकायलासुद्धा बाहेर न येणारी बाई. दोन्ही मुठींनी आयरीनचं दार बडवत होती. दार उघडलं. आयरीनच्या केसांना गुंडाळ्या तशाच होत्या.

दोघी एकमेकींकडे बघत राहिल्या. मी बाटल्या हातात धरून उभी. आत जायला हवं होतं, पण गेले नाही, उगाच खोटं कशाला बोलू.

"जिवंत आहेस," फिलिस म्हणाली.

"दिसतंय ना."

"मग ठोकायला काय झालं होतं? मी ठोकून ठोकून वीट फोडायची बाकी ठेवली. मला वाटलं, तू..." पुढचं तिला बोलता येईना. थंडीने म्हणा, नाहीतर कशाने म्हणा, तिचे दात वाजत होते.

"नोराने तक्ता लावला," आयरीन म्हणाली. सगळं माझ्यावर. मग दारातून जरा बाजूला झाली. "उंबऱ्यात उभी राहून माझी ऊब घालवू नकोस. आत तरी ये, नाहीतर घरी तरी जा."

फिलिस आत गेली.

तेव्हापासून ती रोज सकाळी जायला लागली. आता ठोका पोचत नाही, तर बघून येते, असं तिचं म्हणणं. बघून यायला दुपार व्हायची. मी एक-दोनदा डोकावले. दोघी हीटरच्या दोन बाजूंना बसलेल्या, फिलिसचे मोजे वाळत घातलेले, आणि गिरणीतल्या कुणा मेलेल्या बाईचं लग्न कोणत्या साली झालं यावरून वाद. केकचा विषय कुणी काढला नाही. माफीबिफी तर नाहीच. तापमापक एकोणीसवर होतं.

नाताळच्या आदल्या दिवशी रॉडनी आला. आकडा बघून त्याचा चेहरा उजळला, आणि मग पुन्हा पडला. मला बाजूला घेऊन म्हणाला, "मावशी, खोलीचं झालं. पण पूर्वी निदान भिंतीवर ठोकायची सोय होती. आता ती न्हाणीघरात पडली तर कळणार कुणाला? तू दिवसभर खिडकीत थोडीच बसणार?"

मी बसते, पण ते त्याला सांगितलं नाही. तेवढ्यात दार न वाजवता फिलिस आत आली, रॉडनीला "जाड झालास" म्हणाली आणि आपल्या खुर्चीत बसली.

रॉडनीने विचारलं, "फिलिसमावशी, तू रोज येतेस?"

"माझ्याकडे गारठा आहे. इथे गरम असतं. म्हातारीच्या तोंडाकडे बघायला येत नाही मी."

"ऐकलंस?" आयरीन म्हणाली. "माझं बिल वाढवायला येते."

रॉडनी हसला, पण बोलला ते गंभीरपणे. "हे बघा. फिलिसमावशी रोज येत असेल तर मला काळजी नाही. आई इथेच राहू दे. मी फोन करून विचारत जाईन. ज्या आठवड्यात येणं बंद झालं, त्या आठवड्यात मी गाडी घेऊन येईन." आयरीनने खिडकीकडे तोंड फिरवलं. ती रडत होती हे आम्हा तिघांनाही दिसलं.

जानेवारीत थंडीने कहर केला. नळ गोठले. माझ्याकडे प्लायवुडचा तुकडा उरला होता, लोकरीची पट्टीही होती. मनात आलं, फिलिसला ना मूल, ना कुणी तापमापक घेऊन येणारं. आयरीनचं झालं, आता हिचंही करून टाकू. कुणाला न विचारता तक्ता कापला आणि संध्याकाळी तिच्याकडे घेऊन गेले.

तिची पुढची खोली मी कित्येक वर्षांत बघितली नव्हती. आत माझ्याच श्वासाची वाफ मला दिसत होती. फिलिस कोट, मफलर आणि हातमोजे घालून बसली होती, मांडीवर गरम पाण्याची पिशवी. धुराड्यातून येणाऱ्या झोताने टेबलावरचं वर्तमानपत्र फडफडत होतं.

"हे काय आणलंस?"

"तक्ता. अर्ध्या तासाचं काम आहे. उद्यापासून कोट काढून बसशील."

तिने तक्त्याकडे बघितलं. उठून त्याच्या कडेवरून हातही फिरवला. मग परत जाऊन बसली.

"चांगला केलायस. घेऊन जा."

"फिलिस, वेड लागलंय का तुला? इथे मांस टांगलं तर महिनाभर टिकेल."

"नोरा, माझी खोली गरम झाली, तर मी तिच्याकडे काय म्हणून जाऊ?"

"काय म्हणून म्हणजे? जायचं. बसायचं."

"ती विचारेल, आता कशाला आलीस, तुझ्याकडे तर गरम झालं. मग मी काय सांगू? करमत नाही म्हणून आले? तिला? आणि ती तरी म्हणणार आहे का, ये, मला तू हवी आहेस म्हणून? दोघींपैकी एकीच्याही तोंडून निघायचं नाही ते. दोन दिवस मी जाणार नाही, तिसऱ्या दिवशी रॉडनीचा फोन येईल. आणि मग गाडी."

मला तिचा राग आला. इतका, की तक्ता तिच्या डोक्यात घालावासा वाटला. मी म्हटलं, "अगं, तुझी छाती भरली तर?"

"भरली तर बघू. ती एकटी होती तेव्हा तिची भरलीच की." तिने मफलर आणखी एकदा गळ्याभोवती गुंडाळला. "तिला यातलं काही सांगायचं नाही हं."

मी तक्ता उचलला आणि घरी घेऊन आले. नवऱ्याने विचारलं, बसला नाही का. म्हटलं, माप चुकलं.