पांढऱ्या चिंध्या

त्या मंगळवारी कराडच्या डॉक्टरांनी काकीचा रिपोर्ट माझ्या हातात दिला. मी तो उभ्यानेच वाचला. काकी बाकावर बसली होती. मी तिला म्हटलं, "गाठ कॅन्सरची नाही." ती म्हणाली, "मग कशानं झाली?" मी म्हटलं, "गोळीमुळं."

काकी उंब्रजला ब्लाऊज शिवायची. त्या मंगळवारच्या जवळपास चार वर्षं आधी मिरजेला कॅन्सरचं ऑपरेशन करून तिचा डावा स्तन काढला होता. घरी आल्यावर महिन्याभरात तिने मलमलीची पिशवी शिवली, तीत बाजरी भरली आणि आपल्याच ब्लाऊजला आतून टाचली. कापूस का नाही भरला, असं मी विचारलं. "दोनीकडं वजन सारखं पायजे, न्हाईतर ब्लाऊज एका अंगानं वर चढतंय." पुढे मिरजेच्या वॉर्डात ओळख झालेल्या बायका तिच्याकडे माप द्यायला येऊ लागल्या. ती दार लोटून घ्यायची आणि आतून हसण्याचा आवाज यायचा. "उपाशी ऱ्हायलीस तर येका भाकरीचं पीठ हाय आत," असं ती प्रत्येकीला सांगायची.

कॅन्सर परत येऊ नये म्हणून तिला रोज एक गोळी होती. सकाळी मशिनला तेल सोडलं की ती गोळी तोंडात टाकायची. "मशिनला तेल, मला गोळी. दोगीबी कुरकुरत न्हाई."

आई गेल्यावर मी तिच्याचकडे वाढले. इस्लामपूरला शाळेत नोकरी लागल्यावर शनिवारी दुपारी उंब्रजला जायचे. गोळीचं चौथं वर्ष चालू होतं तेव्हा ती माझ्यासाठी वाकळ शिवत होती. वरून ब्लाऊजपिसांचे रंगीत तुकडे, आत अस्तराच्या पांढऱ्या सुती चिंध्या. वाकळ अर्धी झाली आणि थांबली. चिंध्यांची टोपली भरलेली होती, पण तीत पांढरी एकही नव्हती.

"काकी, पांढऱ्या कुठं गेल्या?"

"उंदरांनी नेल्या. त्यांच्यात लगीन हाय."

पुढच्या शनिवारी न्हाणीमागच्या तारेवर, परकराखाली वाळत घातलेल्या त्या चिंध्या मला दिसल्या. पाळी जाऊन तिला आठ वर्षं झाली होती.

"कधीपासून?" मी विचारलं.

"सक्रांतीपास्नं."

"आणि सांगितलं नाहीस?"

"काय सांगू? त्यो परत आला म्हणून? आला तर आला. तुज्या काकांस्नी आनी येकदा रडताना बगायचं न्हाई मला."

कराडला तिच्या गर्भाशयातली गाठ काढली. ती तपासून आलेला रिपोर्ट म्हणजे तो मंगळवारचा कागद. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं, "गाठ साधी आहे. ही गोळी घेणाऱ्या बायकांत क्वचित अशी होते. पण गोळी मनानं बंद करायची नाही. मिरजेच्या डॉक्टरांना रिपोर्ट दाखवा, बदलायची की नाही ते ठरवतील." रिपोर्टची शेवटची ओळही तीच होती. ती मी वाचली होती. वार्षिक परीक्षा संपल्या की मिरजेला जाऊ, असं मी मनात ठरवलं. काकीला मी कारण तेवढं सांगितलं. मी शिक्षिका आहे. कुणी कशानं असं विचारलं की उत्तर देण्याची मला सवय आहे.

मला शिवण शिकवताना काकी म्हणायची, "दोरा सारका तुटायला लागला, की आदी दोरा काडायचा. मशिनला मागनं बगायचं." गोळीचं तिने तसंच केलं. काका दर महिन्याला पट्ट्या आणून देत, आणि ती त्या बटणांच्या डब्यात तळाशी घालून वर बटणं ओतायची. मी फोनवर विचारायचे, "गोळी घेतेस ना?" ती म्हणायची, "व्हय की." परीक्षा संपल्या तेव्हा लग्नसराई सुरू झाली होती. "बायका दारात हुब्या हायत गं, मिरज कुटं पळून जातीय?" ती म्हणाली. मीही मग जोर धरला नाही.

थंडीत तिची पाठ दुखू लागली. आम्ही मशिनला दोष दिला. दोन महिन्यांनी मिरजेला कळलं की आजार हाडांत गेला आहे. डब्याचं तिने तिथेच सांगितलं. गोळी चालू असती तरी हे झालं नसतं, असं कुणी सांगू शकत नाही, असं डॉक्टर म्हणाले. हे वाक्य मी पुष्कळदा आठवून पाहिलं आहे.

शेवटच्या आठवड्यात ती मला म्हणाली, "तू खरं त्येच सांगितलंस. म्याच अर्दं ऐकलं."

तिने अर्धं ऐकलं नव्हतं. मी अर्धं सांगितलं होतं. हे तिला सांगायचं मी उद्यावर ठेवलं. दुसऱ्या दिवशी ती डोळे उघडत नव्हती.

बाजरीची पिशवी काकांनी तिच्याबरोबर जाऊ दिली. वाकळ माझ्याकडे आहे, अर्धी. बटणांचा डबाही माझ्याकडे आहे. त्यात वर बटणं आहेत आणि खाली गोळ्या आहेत.