तलावाचं पांघरूण

आमच्या इमारतीत कोपरभाऊबद्दल अशी बातमी होती, की त्याने पोहण्याच्या तलावाच्या हीटरला चोरून नळी जोडलीय आणि त्याच्या घरची सगळी मंडळी त्या गरम पाण्याने आंघोळी करतात. बातमी साफ खोटी. खात्रीने सांगते, कारण ती उठवली मीच. जिन्यात दोघींना गंमत म्हणून सांगितली, तर चौथ्या मजल्यावर पोचेपर्यंत त्या नळीला तोटीसुद्धा बसली होती.

कोपरभाऊ म्हणजे तलाव सांभाळणारा. त्याची खोली पंपाच्या खोलीला चिकटून, माझ्या गॅलरीच्या बरोब्बर खाली. त्यामुळे त्याच्या घरात वाटी पडली तरी आवाज आधी मला येतो. बाळाच्या आंघोळीचं पाणी बघतात तसं तो तलावात कोपर बुडवतो आणि सांगतो, "अठ्ठावीस." मग थर्मामीटर बघायचा. बहुतेक वेळा थर्मामीटरचंही उत्तर बरोबर येतं.

यंदा थंडीत तलावाचं विजेचं बिल दीडपट आलं. सेक्रेटरींनी मेकॅनिकला बोलावलं. त्याने मशीन उघडलं, हवा लागते ती जाळी तपासली आणि म्हणाला, "हीट पंप ठणठणीत आहे, साहेब. हवेतली ऊब ओढून पाण्यात सोडतो, एका युनिटात चारांचं काम करतो. पण तुम्ही त्याला उसंतच देत नाही. एकतीसवर लावलाय कोणी?"

सगळ्यांच्या माना दुसऱ्या मजल्यावरच्या बाईंकडे वळल्या. बाई निवृत्त शिक्षिका. गुडघ्याचं ऑपरेशन झालेलं, रोज सकाळी कोमट पाण्यात चालायचं असं डॉक्टरांनी बजावलेलं. "जरा कोमट करता आलं तर बघ रे," असं त्या एकदा चारचौघांत म्हणाल्या होत्या, तेवढं पुरलं.

"बाई, तुमच्या गुडघ्यापायी सगळ्या इमारतीने किती तापायचं?" सेक्रेटरी म्हणाले. लोक हसले. मीही हसले. कोपरभाऊ तेवढा जाळीकडे बघत उभा होता.

दुसऱ्या दिवसापासून बाई तलावावर यायच्या बंद झाल्या. रविवारच्या सभेत हीटर कायमचा बंद करायचा, असं ठरल्यातच जमा होतं.

शनिवारी दुपारी मी गॅलरीत कपडे वाळत घालत होते. (कपडे दोनच होते, पण वाळत घालायला वेळ लागतो.) खालून कोपरभाऊच्या बायकोचा आवाज आला.

"अहो, बोला की एकदाचं! त्या बाईंनी आपल्या पोरीला दोन वर्षं गणित शिकवलं. आज जिना बसत बसत उतरल्या त्या, एकेक पायरी. मी बघितलं."

"बोललो तर खोली जाईल."

"आणि नाही बोललात तर?"



सभेत हात वर करायची वेळ आली, तसा कोपरभाऊ मागून उठून पुढे आला.

"हीटर बंद करू नका, साहेब. दोष माझा आहे. संध्याकाळी पाण्यावर पांघरूण ओढायचं असतं, ते बुडबुड्यांचं निळं प्लास्टिक. मी तीन महिने ओढलं नाही. उजवा खांदा वर जात नाही माझा. ओलं पांघरूण म्हशीएवढं जड होतं, एकट्याला ओढवत नाही. उघड्या पाण्याची ऊब वाफ होऊन रात्रभर निघून जायची. सकाळी पाणी गार लागलं तर मी पकडला जाईन, म्हणून मीच काटा एकतीसवर नेला. बाईंच्या सांगण्यावरून एक डिग्रीसुद्धा वाढवली नाही."

मला तर जमीन दुभंगली तर बरं असं झालं. रोज सकाळी ती वाफ गॅलरीतून बघून मी सगळ्यांना सांगत होते, काय सुंदर दिसतो हो आपला तलाव!

सेक्रेटरी बरंच बोलले, ते इथे नको. पण शेवटी काटा अठ्ठावीसवर आला, पांघरुणाच्या दुसऱ्या टोकाला वॉचमन आला, हीटर राहिला, खोलीही राहिली. पुढच्या महिन्यात बिल खाली उतरलं. बाई पाण्यात उतरल्या त्या दिवशी त्याला एवढंच म्हणाल्या, "खांदा दाखवलास का रे कोणाला?"

नळीची बातमी कोणी उठवली, हे मात्र मी अजून कुठल्याच सभेत सांगितलेलं नाही. माझा हात वर जात नाही, आणि माझा खांदा चांगला आहे.

हल्ली बाई यायच्या अर्धा तास आधीपासून तो त्यांचा टॉवेल आणि खुर्ची मांडून काठावर उभा असतो. परवा मला राहवलं नाही. म्हटलं, "कोपरभाऊ, बाईंनी माफ केलं ना तुला? मग हा पहारा कशाला?"

तो म्हणाला, "माफ केलं म्हणूनच तर, वहिनी. दोन शिव्या दिल्या असत्या तर एव्हाना विसरलो असतो."